सुई, जेट आणि अ‍ॅव्हरेज : जुन्या मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरचा मागोवा

१ लिटर पेट्रोल पूर्ण जळायला साधारण ११ किलो हवा लागते. आकारमानात सांगायचं तर ९,००० लिटरच्या आसपास. मुंबईहून निघालेली जुनी बुलेट वसई तालुक्यातल्या चांदीपला पोहोचते, तोवर दोनेक लिटर पेट्रोल आणि अठरा हजार लिटर हवा तिच्या इंजिनातून गेलेली असते. या सगळ्याचा हिशेब ठेवतो तो मुठीत मावणारा कार्ब्युरेटर. त्याला ना वायर, ना सेन्सर. एक फ्लोट, एक सुई, पितळेचे दोन जेट, एक स्लाइड आणि दोन स्क्रू. एवढ्या भांडवलावर तो वजनाने एका भाग पेट्रोलाला चौदा-पंधरा भाग हवा मोजून देतो, तेही मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या इंजिनाला.

जुन्या टूरिंग मोटरसायकलीच्या मालकाचा जीव याच हिशेबात अडकलेला असतो. गॅरेजच्या बाकड्यावर टेकलं की पहिला प्रश्न, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ आणि लगेच पहिली मागणी, ‘स्क्रू जरा बघ, पेट्रोल कमी जाऊ दे.’ ही मागणी चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे कार्ब्युरेटरच्या इतिहासात दिसतं. सव्वाशे वर्षांत एकेक अडचण येत गेली, प्रत्येक अडचणीवर कुणीतरी उपाय काढला आणि ते सगळे उपाय एकाच ओतीव भांड्यात शेजारी शेजारी नांदू लागले. कुठला भाग कुठल्या अडचणीतून आला हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कुठे हात लावायचा आणि कुठे मुळीच लावायचा नाही हेही कळतं. अ‍ॅव्हरेजचं खरं ज्ञान तिथे आहे.

वाफेकडून फवाऱ्याकडे

पहिल्या पेट्रोल इंजिनांना कार्ब्युरेटर होता, पण त्यात जेट नव्हता. १८८५ मध्ये गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म माइबाख यांनी लाकडी सांगाड्याची दुचाकी बनवली, त्याच सुमारास कार्ल बेंझ आपल्या तीनचाकीवर काम करत होते. दोघांकडेही पेट्रोलाच्या भांड्यातून किंवा त्याच्या पृष्ठभागावरून हवा नेत आणि तिच्याबरोबर जेवढी वाफ येईल तेवढी इंजिनाला देत. थंडी पडली की वाफ कमी, ऊन तापलं की जास्त. गाडी हलली की प्रमाण बदललं. रस्त्यावर धावणाऱ्या यंत्राला हे परवडणारं नव्हतं.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल यांच्या पत्नी बेर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभरावर किलोमीटर अंतरावर, बेंझ यांच्या तीनचाकीतून गेल्या. वाटेत इंधन संपलं तेव्हा त्यांनी वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रावण विकत घेऊन टाकीत ओतलं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन काढून ती साफ केली. लांब पल्ल्याच्या प्रवासात रस्त्याच्या कडेला इंधनाची वाट मोकळी करणारी ही पहिली नोंदलेली व्यक्ती. आजही टूरवर निघालेल्या जुन्या गाडीचं सगळ्यात नेहमीचं दुखणं तेच आहे : कचरा.

खरा बदल १८९३ चा. त्या वर्षीच्या ११ फेब्रुवारीला बुडापेस्टच्या डोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी फवाऱ्याच्या कार्ब्युरेटरचं पेटंट मागितलं. काही महिन्यांनी माइबाख यांनीही तसंच पेटंट घेतलं. हंगेरीत सांगतात, की नळीत फुंकर मारून फुलांवर पाणी शिंपडणारी फुलवाली पाहून चोंका यांना ही कल्पना सुचली. गोष्ट खरी असो नसो, तत्त्व तेच आहे. हवेची वाट मध्येच अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. बर्नुली यांनी १७३८ मध्ये आणि व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये हे द्रवांच्या बाबतीत मांडलं होतं. त्या अरुंद जागी पेट्रोलाचं बारीक भोक ठेवलं, की कमी दाबामुळे पेट्रोल आपोआप वर ओढलं जातं आणि त्याचा फवारा उडतो. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त येतं.

ते बारीक भोक म्हणजे जेट, आणि भोकाखालच्या भांड्यात पेट्रोलाची पातळी कायम राखणारा तरंगता भाग म्हणजे फ्लोट. कार्ब्युरेटरवाल्या बुलेटमध्येही हे दोन्ही जसेच्या तसे आहेत. जेटवर कोरलेला आकडा म्हणजे त्यातून किती पेट्रोल जाईल याचं माप. म्हणूनच तुंबलेल्या जेटमध्ये क्लचच्या वायरीचा तुकडा खुपसणं हा मोठा अपराध आहे. पितळ मऊ असतं, भोक नखभर नव्हे तर केसभर रुंदावलं तरी जेटचा आकडा खोटा ठरतो आणि पुढची सगळी सेटिंग त्या खोट्या आकड्यावर उभी राहते. जेट साफ करायचा तो पेट्रोलाने किंवा कार्ब क्लीनरने आणि हवेच्या झोताने. बेर्थाबाईंची पिन नळीसाठी होती, जेटसाठी नव्हे.

दोन लिव्हर आणि एक सुई

फवारा मिळाला, पण एकाच मापाचा जेट सगळ्या वेगांना पुरत नव्हता. इंजिन मंद असताना पेट्रोल कमी पडे, जोरात असताना जास्त होई. सुरुवातीच्या मोटरसायकलस्वाराच्या हँडलवर त्यामुळे दोन लिव्हर असत, एक रेसचा आणि एक हवेचा. चढ आला, उतार आला, थंडी पडली, की स्वार स्वतः प्रमाण बदले. म्हणजे त्या काळी मिश्रण ठरवणारा स्वारच होता.

हे काम यंत्रात बसवण्याचा मान मोठ्या अंशी इंग्लंडच्या अमालचा. १९२७ मध्ये अमॅक, ब्राऊन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन कार्ब्युरेटर कंपन्या एकत्र येऊन बर्मिंगहॅमची अमाल तयार झाली. पुढची अनेक दशकं इंग्लिश मोटरसायकल म्हटलं की अमाल, हे समीकरण झालं. अमालच्या कार्ब्युरेटरमध्ये रेसची केबल एक गोल स्लाइड वर ओढते आणि त्या स्लाइडला खाली निमुळती होत गेलेली सुई टांगलेली असते. सुई वर गेली की तिच्याभोवतीची फट रुंदावते आणि पेट्रोल जास्त येतं. हवेची वाट आणि पेट्रोलाची वाट एकाच केबलने एकदम उघडतात.

ही सुई एकदा हातात घेऊन पाहावी. काडीएवढी, वरच्या टोकाला बारीक खाचा, आणि त्यांतल्या एका खाचेत चिमुकली क्लिप. आपल्याकडच्या मिककार्ब या कार्ब्युरेटरच्या सुईला बहुधा पाच खाचा असतात. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई तेवढीच वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल वाढतं. वर सरकवली की सुई खाली बसते आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल घटतं. मिलिमीटरभराचा हा खेळ, पण लांबच्या प्रवासात बहुतेक वेळ गाडी याच सुईवर चालते.

अमालने घालून दिलेली ही रचना पुढे जपानच्या मिकुनीने परवान्यावर घेतली आणि वाढवली. तिचे चार भाग आजही कायम आहेत. स्लोपासून रेसच्या आठव्या हिश्शापर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू. तिथून चौथ्या हिश्शापर्यंत स्लाइडच्या कडेची तिरपी कापणी. चौथ्या हिश्शापासून पाऊण रेसपर्यंत सुई. त्यापुढे पूर्ण रेसपर्यंत मेन जेट. सीमारेषा काटेकोर नाहीत, एक भाग दुसऱ्यात मिसळतो, पण हिशेब असाच आहे.

चांदीपच्या रस्त्यावरचा हिशेब

हे चार भाग कागदावर समजण्यापेक्षा रस्त्यावर लवकर समजतात. मुंबईहून अहमदाबाद महामार्गाने निघायचं, शिरसाडला उजवीकडे वळून वज्रेश्वरी-अंबाडीचा रस्ता धरायचा. तुंगारेश्वरचा डोंगर आणि तानसेचं खोरं यांच्यामधल्या या पट्ट्यात चांदीप लागतं. पुढे पारोळ, उसगाव, मग अंबाडीहून वाडा आणि विक्रमगड करत जव्हार. मुंबईच्या बाइकवाल्यांचा हा पावसाळी रस्ता.

आता गाडी काय करते ते पाहा. महामार्गावर साठच्या स्थिर वेगाने ती सुईवर चालते. डंपरमागे अडकली, शिरसाडच्या वळणावर रेंगाळली, गावातल्या खड्ड्यांतून दुसऱ्या गिअरमध्ये गेली, की पायलट आणि स्लाइडची कापणी कामाला लागतात. सामान आणि मागचा माणूस घेऊन जव्हारचा चढ रेटताना मेन जेट बोलू लागतो. म्हणजे महामार्गावर अ‍ॅव्हरेज पडत असेल तर एअर स्क्रू फिरवून काहीच हाती लागणार नाही. तो स्क्रू फक्त स्लोचा मालक आहे. तिथे सुईची खाच पाहायला हवी, किंवा वर्षानुवर्षं सुई घासून अंडाकार झालेला नीडल जेट बदलायला हवा. उलट रोज चांदीप ते विरार स्टेशन एवढीच धाव असेल, तर पायलटची सेटिंग नीट असणं सगळ्यात मोलाचं. एकच गाडी, एकच कार्ब्युरेटर, पण पेट्रोल कुठल्या वाटेने जास्त जातंय हे रस्ता ठरवतो. ट्युनिंगची सुरुवात स्क्रू ड्रायव्हरने करायची नसते, मालकाला ‘गाडी कुठे चालवता?’ हे विचारून करायची असते.

रेडिचहून तिरुवोट्टियूरला

अमालचा वंश भारतात आला तो बुलेटबरोबर. १९५५ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिचची रॉयल एनफील्ड आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एनफील्ड इंडिया उभी केली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला ३५० सीसीची बुलेट तयार होऊ लागली. तिकडे मूळ कंपनी १९७० पर्यंत बंद पडली, इकडे तीच गाडी जवळपास त्याच रूपात चालू राहिली. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावामध्ये चेकोस्लोव्हाकियाची जावा बनू लागली. तिच्यावर चेक घराण्याचा जिकोव्ह कार्ब्युरेटर असे. हीच गाडी १९७३ पासून येझदी या नावाने आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद होईपर्यंत रस्त्यावर राहिली. स्कूटरवर इटालियन वळणाचा स्पॅको होता. चेन्नईच्या यूकॅलने मिकुनीच्या सहकार्याने कार्ब्युरेटर बनवले आणि बुलेटवरचा अमाल जाऊन मिककार्ब आला. अशी इंग्लिश, चेक, इटालियन आणि जपानी घराणी एकाच गल्लीतल्या एकाच मेकॅनिकच्या हाताखाली आली. पुण्याच्या नाना पेठेत आजही या सगळ्या घराण्यांचे सुटे भाग धुंडाळत माणसं फिरतात.

या मेकॅनिकांकडे ना कंपनीचं पुस्तक होतं, ना धूर मोजायचं यंत्र. त्यांनी प्लग वाचायला शिकून घेतलं. ठरावीक रेसवर गाडी काही अंतर चालवायची, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करायचं, प्लग काढायचा आणि पोर्सेलीनचा रंग बघायचा. चहा-कॉफीसारखा तपकिरी असेल तर उत्तम. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक आणि कडेला बारीक बुडबुडे दिसले तर पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. कान आणि डोळे हीच त्यांची प्रयोगशाळा होती आणि तिचे निकाल आजही चालतात. आताच्या पेट्रोलवर रंग पूर्वीपेक्षा फिकट उमटतो, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

१९७३ : बचतीचा धडा आणि बचतीची चूक

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली आणि जगभर तेलाचे भाव काही महिन्यांत चौपटीच्या घरात गेले. भारतात पेट्रोल ही जपून वापरायची चीज झाली. पुण्याच्या कायनेटिकची ५० सीसीची लुना १९७२ मध्येच आली होती, तिचे दिवस आले. १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धनासाठी पीसीआरए ही सरकारी संस्था स्थापन झाली. १९८५ मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली आणि टाकी भरा, झाकण लावा, विसरा, हा तिचा मंत्र घराघरांत पोहोचला. तोवर गाडीचा जोर, आवाज, रुबाब यांची चर्चा व्हायची. त्यानंतर अ‍ॅव्हरेज हा पहिला प्रश्न झाला.

या दडपणाखाली मोठ्या गाड्यांच्या मालकांनी दोन वाटा धरल्या. एक वाट डिझेलची. देशभर गॅरेजांतून बुलेटच्या सांगाड्यात छोटी डिझेल इंजिनं बसवली गेली, आणि १९९०च्या दशकात एनफील्डने स्वतः ग्रीव्हज-लोम्बार्दिनी बनावटीच्या ३२५ सीसी डिझेल इंजिनाची टॉरस विकली. जोर जेमतेम साडेसहा अश्वशक्तीचा, पण खर्च इतका कमी की दूधवाले आणि शेतकरी तिच्यावर खूश होते. डिझेलमध्ये कार्ब्युरेटरच नसतो, त्यामुळे त्या वाटेने आपला प्रश्न सुटला नाही, टळला.

दुसरी वाट गाडी लीन करण्याची, आणि इथे आपल्याकडे खोल रुजलेला गैरसमज जन्मला. कमी पेट्रोल पाजलं की गाडी कमी पिते, हे वरकरणी पटतं. प्रत्यक्षात १४.७ ला १ हे पूर्ण ज्वलनाचं प्रमाण. सगळ्यात जास्त जोर मिळतो तो साडेबारा-तेराच्या आसपास आणि सगळ्यात चांगलं अ‍ॅव्हरेज साडेपंधरा-सोळाच्या आसपास. म्हणजे थोडं लीन जाण्यात खरंच फायदा आहे. पण त्याच्या पुढे गेलं की मिश्रण सावकाश जळतं, मिसिंग सुरू होतं, जोर पडतो आणि तोच वेग राखायला स्वार नकळत रेस जास्त उघडतो. वाचवलेलं पेट्रोल तिथेच परत जातं. वर सायलेन्सरचा पाइप निळा पडतो, व्हॉल्व्ह आणि पिस्टन तापतात, चढावर ठोके येतात.

टू-स्ट्रोकमध्ये तर हा खेळ जीवघेणा आहे. जावा-येझदीमध्ये इंजिनाचं ऑइल पेट्रोलातच मिसळलेलं असतं. मेन जेट एक नंबर लहान केला की पेट्रोलाबरोबर ऑइलही कमी जातं, तेही ज्या वेळी गाडी पूर्ण रेसवर धावते त्याच वेळी. पिस्टन बोअरमध्ये जाम होतो आणि मागचं चाक धावत्या रस्त्यावर अडकतं. दोन-चार किलोमीटर अ‍ॅव्हरेजसाठी कुणी हा धोका पत्करू नये, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन.

अ‍ॅव्हरेजच्या अपेक्षा वाढण्याला आणखी एक कारण होतं. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एआरएआयच्या चाचण्यांतून कंपन्यांचे अ‍ॅव्हरेजचे आकडे येत. ज्या भारतीय चाचणीचक्रावर हे मोजमाप चाले ते शहरी रहदारीवर बेतलेलं होतं. त्यातला कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी २२ च्या आत. मोजमाप खरं होतं, पण ते ४२ च्या वेगाचं होतं. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ६० वरून ८० ला गेलं की तो पावणेदोन पट होतो, आणि बाजूला पेट्या लावल्या, समोर मोठी काच लावली की आणखी. महामार्गावर ८० ने जाऊन जाहिरातीतला आकडा मागणारा मालक कार्ब्युरेटरवर अन्याय करतो.

स्वाराच्या मनगटाकडून इंजिनाच्या ओढीकडे

स्लाइडच्या कार्ब्युरेटरची एक अडचण उरलीच होती. स्वाराने झटक्याने रेस दिली की स्लाइड एकदम वर जाते, हवा भसकन आत येते, तिचा वेग पडतो आणि पेट्रोल मागे राहतं. गाडी क्षणभर अडखळते. ती अडखळू नये म्हणून मग सेटिंग थोडी रिच ठेवावी लागे, म्हणजे एका क्षणासाठी सगळा प्रवास महाग. १९९९ च्या हिरो होंडा सीबीझेडमध्ये यावर रेस देताच जादा पेट्रोल टोचणारा पंप होता. पिकअप मिळाला, पेट्रोलही भरपूर गेलं.

दुसरा उपाय त्याहून जुना. इंग्लंडच्या स्किनर बंधूंनी १९०५ च्या सुमारास एसयू कार्ब्युरेटर काढला होता. त्यात स्वार फक्त एक झडप उघडतो, स्लाइड मात्र इंजिन स्वतःच्या ओढीने, जितकी हवी तितकीच, वर उचलतं. मोटारींत तो खूप चालला. १९६५ च्या होंडा सीबी ४५० वर असा सीव्ही कार्ब्युरेटर आला आणि पुढे मोठ्या जपानी मोटरसायकलींनी तो सर्रास स्वीकारला. आपल्याकडे पुण्याच्या बजाजच्या पल्सर आणि हिरो होंडाची २००३ ची करिझ्मा यांच्यामुळे तो टूरवाल्यांच्या ओळखीचा झाला. अनाडी मनगटाचं पेट्रोल तो वाचवतो. त्याच्या पोटात एक पातळ रबरी पडदा असतो. त्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी स्लाइड वर येत नाही, गाडी साठच्या पुढे जात नाही आणि अ‍ॅव्हरेज कोसळतं. अशा गाडीचा कार्ब्युरेटर दोनदोनदा साफ करून काही होत नाही, पडदा उजेडासमोर ताणून बघायचा.

मग इंजेक्शन आलं, पण सरळ रेषेत नाही. २००७ मध्ये बजाजने पल्सर २२० इंजेक्शनसह आणली, आणि २००९ मध्ये तीच गाडी पुन्हा कार्ब्युरेटर लावून, कमी किमतीत आणि किंचित जास्त ताकदीने विकली. त्याच वर्षी रॉयल एनफील्डची इंजेक्शनवाली क्लासिक ५०० आली, तर तिची ३५० ची बहीण पुढे दहा वर्षं कार्ब्युरेटरवरच होती. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर गेला. मिश्रण ठरवण्याचा अधिकार स्वाराकडून सुईकडे, सुईकडून पडद्याकडे आणि अखेर संगणकाकडे गेला.

पेट्रोलच बदललं

जुन्या गाड्यांपुढचा आजचा प्रश्न कार्ब्युरेटरमधला नाही, टाकीतला आहे. पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे पहिले सरकारी प्रयोग २००१ मध्ये तीन ठिकाणी झाले, त्यांतली मिरज आणि मनमाड ही दोन महाराष्ट्रातली. उसाच्या राज्यात ते साहजिक होतं. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं, २०२२ मध्ये देश १० टक्क्यांवर पोहोचला, २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांचं पेट्रोल बाजारात आलं आणि दोन वर्षांत ते सर्वत्र झालं.

इथेनॉलच्या रेणूत वजनाने तिसऱ्या हिश्शाहून जास्त ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला बाहेरची हवा कमी लागते. पेट्रोलाला १४.७ भाग, इथेनॉलला ९. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला ते कळायचा मार्ग नाही. तो जुन्या मापानेच देत राहतो आणि काहीही न करता गाडी सात-आठ टक्के लीन होते. म्हणजे १९७३ नंतर मालक जे हौसेने करत होते ते आता पंपावरच होतंय. त्यात इथेनॉलची उष्णता लिटरमागे पेट्रोलाच्या दोन तृतीयांशच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात मूळ शुद्ध पेट्रोलासाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणावर जुळवलेल्या दुचाकींचं अ‍ॅव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज आहे. ही घट कुठल्याही स्क्रूने भरून निघणार नाही. ती इंधनाची आहे.

भरून काढता येतो तो लीनपणा. आधी सुईची क्लिप एक खाच खाली. पूर्ण रेसवरही प्लग पांढरा दिसला तर मेन जेट एक पायरी मोठा, १०० चा असेल तर १०५. स्लोवर पटपट आवाज येत असेल तर पायलटकडे बघायचं. मिककार्बच्या जुन्या मॉडेलात एअर स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असतो, तो आत फिरवला की मिश्रण रिच होतं. सीव्हीमध्ये मिक्श्चर स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो, तो बाहेर काढला की रिच होतं. दिशा उलट आहेत, आणि पुष्कळ गाड्या निव्वळ या गोंधळात बिघडतात. जुनं रबर इथेनॉलने फुगतं किंवा चिरतं, म्हणून नळ्या आणि फ्लोट बाउलचं सील नव्या पेट्रोलाला चालणारं घ्यावं. इथेनॉल पाणी धरतं. वसईच्या किनारी दमटपणात गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून फ्लोट बाउल रिकामा करावा. नाहीतर ऑक्टोबरात आत पांढरी पूड आणि हिरवट चिकटा सापडतो.

आधी काय, मग काय

या सगळ्या वंशावळीतून कामाचा क्रम आपोआप निघतो. कार्ब्युरेटर हा शेवटचा. आधी टायरमधली हवा, चेनचा ताण, चाक उचलून हाताने फिरवून ब्रेक घासतो का ते. मग एअर फिल्टर. महामार्गाच्या धुळीने तो भरला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त, आणि दोष मात्र जेटला. मग टॅपेट, आणि जुन्या बुलेटला पॉइंट असतील तर त्यांची फट, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, त्यानंतर टायमिंग. उशिरा पडणारी ठिणगी जेवढं पेट्रोल वाया घालवते तेवढं क्वचितच एखादा जेट घालवतो. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधून हवा शिरत नाही ना, तेही पाहायचं.

मग कार्ब्युरेटर उघडायचा. फ्लोटची पातळी आणि त्याची सुई पहिल्यांदा, कारण ती घासली असेल तर ‘ओव्हर’ होणारं पेट्रोल थेट जमिनीवर जातं आणि पुढची सगळी मोजमापं चुकतात. मग इंजिन गरम असताना स्लो आणि एअर स्क्रू. स्क्रू पूर्ण बंद करून दीड फेरा सोडायचा आणि तिथून पाव-पाव फेऱ्याने इंजिन सगळ्यात स्थिर बोलेल ती जागा शोधायची. मग सुई, शेवटी मेन जेट. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर टाकी काठोकाठ भरून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने धाव. टाकी पुन्हा काठोकाठ भरली की किती लिटर गेलं ते कळतं. रिझर्व्हपासून रिझर्व्हपर्यंतचा अंदाज यासाठी उपयोगाचा नाही.

जुन्या मोटरसायकली आणखी बरीच वर्षं या रस्त्यांवर धावतील. सुटे भाग मिळतायत, नवी पोरं हौसेने बुलेट आणि येझदी घेतायत. कमी पडतंय ते ज्ञान. स्कॅनर लावून दोष वाचणाऱ्या पिढीला प्लगचा रंग वाचायला कुणी शिकवलेलं नाही, आणि ज्यांना तो वाचता येतो ते मेकॅनिक थकत चाललेत. म्हणून माझं एक कळकळीचं सांगणं आहे. आपल्या गाडीचा पायलट जेट किती नंबरचा, मेन जेट किती, सुईची क्लिप कितव्या खाचेत आणि स्क्रू किती फेरे सोडलाय, हे चार आकडे तारखेसकट एका कागदावर लिहा, बदललं की पुन्हा लिहा आणि तो कागद आरसी बुकच्या पाकिटात ठेवा. गाडी विकलीत तर गाडीबरोबर तोही द्या. पुढच्या मालकाला आणि त्याच्या मेकॅनिकला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.